मताची उधारी

आमच्या विठोबाला लोक बोंबल्या विठोबा म्हणतात. खोपोलीहून साजगावला येताना ताकईला त्याचं देऊळ लागतं. या जागेला धाकटी पंढरी म्हणतात. कार्तिकी एकादशीला यात्रा भरते आणि पुढे पंधरवडाभर चालते. सुके बोंबील, सोडे, सुकट, घोंगड्या, पाळणे, भेळ, मिठाई. विठोबाच्या यात्रेत सुक्या मासळीचा एवढा मोठा बाजार बघून नवखा माणूस चक्रावतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. एकादशी सोडली की घरोघरी बोंबलाचं कालवण शिजतं.

बोंबल्या हे नाव बोंबलांवरून पडलं, असं काहीजण म्हणतात. माझी आजी वेगळं सांगायची. तुकोबा बोरघाट उतरून मिरच्या विकायला खाली यायचे. पोती उघडी टाकून लोकांना म्हणायचे, तुम्हीच मापून घ्या. लोकांनी मापून घेतल्या, त्याही उधारीवर, आणि पैसे कुणीच दिले नाहीत. मग विठोबा स्वतः माणसाच्या रूपानं दारोदार गेला, प्रत्येकाच्या नावानं बोंब मारली आणि पै न् पै वसूल करून तुकोबांच्या हातात ठेवली. म्हणून बोंबल्या. महिपतीबुवांनी लिहिलेल्या तुकोबांच्या चरित्रातही मिरच्यांची ही हकिकत येते.

या कथेचं मला लहानपणी कोडं पडायचं. मापून घ्या म्हणणारा तुकोबा संत, हे कळत होतं. पण दारात उभं राहून वसुली करणारा देव? उधारी सोडून देणं हा मोठेपणा, ती मागणं हा हलकेपणा, अशीच आमच्या घरची शिकवण होती. हे कोडं सुटायला मला एकवीस पोरं, एकवीस वॉशर आणि ग्रीसचे तीन रिकामे डबे लागले.

मी फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक. घाटाखालच्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, मी तीसएक वर्षं काढली. संस्थेचं नाव इथे घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष संस्थेपेक्षा माझाच जास्त आहे.

फिटरची पहिली काही महिन्यांची साधना म्हणजे कानस. एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा, तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा आणि घासत राहायचं. हात दुखतात, तळव्याला फोड येतात. तुकडा सपाट झाला असं वाटलं की गुण्या लावून तो खिडकीच्या उजेडाकडे धरायचा. गुण्याच्या पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की जॉब परत व्हाइसमध्ये. माझं म्हणणं दहादा खोटं ठरेल, उजेडाची ती रेघ खोटी ठरणार नाही. चांगल्या कारागिराला याची इतकी सवय होते की माणसंही अशीच उजेडाकडे धरून पारखता येतात, असं त्याला वाटायला लागतं. मलाही वाटत असे. म्हणून दरवर्षी तुकडीचा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, मीच नेमायचो. ज्याची हजेरी पूर्ण आणि जॉब बिनचूक, तो सीआर. मुलांना विचारायचं असतं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या वर्षी मी नेमलेला सीआर खरंच गुणी होता. अक्षर सुबक, बोलणं अदबीचं. तीन महिन्यांनी योगायोगानं मला कळलं की स्टोअरमधले हॅकसॉ ब्लेड केव्हाच संपलेत आणि मुलं आपापसात पैसे काढून बाजारातून ब्लेड आणतात. ज्यांना पैसे काढता येत नव्हते ती मुलं, त्यात ठाकरवाडीतले दोघे आणि एक कातकरी मुलगा होता, दुसऱ्याचं ब्लेड रिकामं होईपर्यंत नुसती उभी राहायची. मी फेरी मारायला आलो की कानस उचलून काहीतरी घासल्यासारखं करायची. तीन महिने हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मी सीआरला विचारलं, तू सांगितलं का नाहीस? तो खाली बघत म्हणाला, "सर, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

त्याचा राग मला आला नाही, आजही येत नाही. त्याला पद मी दिलं होतं, म्हणून तो मला जपत होता. पाणी ज्या बाजूनं येतं तिकडेच झाड मूळ सोडतं. पद देणारा कोण आहे, यावर पदावरचा माणूस कुणाचं ऐकणार हे ठरतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला चाळिशीपर्यंत थांबावं लागलं.

मग मी मुलांना म्हटलं, तुमचा सीआर तुम्हीच निवडा. पण मतदान म्हटलं की भांडणं, गट, मारामारी, हीच भीती तेव्हा सगळीकडे होती. कॉलेजच्या निवडणुकांतल्या हिंसाचारामुळे राज्यात त्या नुकत्याच बंद झाल्या होत्या, आणि १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं वर्गातला पहिला आलेला मुलगाच प्रतिनिधी, अशी गुणवत्तेची वाट धरली होती. शिवाय माझ्यावर विनोबांचा संस्कार. विनोबा आमच्याच जिल्ह्याचे, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १८९५ साली तिथे जन्मले. बहुमतानं ठराव करण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती. पाचांच्या मुखातून परमेश्वर बोलतो ही आपली जुनी समजूत, आणि तीन विरुद्ध दोन झालं की त्यातला परमेश्वर गेला, अशी त्यांची भूमिका. पवनारला १९५९ साली त्यांनी सुरू केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातल्या भगिनींनी सर्वानुमतीनंच आपला कारभार चालवला. मला ते फार सुंदर वाटायचं. म्हणून मी मुलांना गोल बसवलं आणि म्हटलं, सगळ्यांनी मिळून एक नाव सांगा.

पाच मिनिटांत नाव आलं. वडिलांची मोठी बागायत असलेल्या, मोटारसायकलवर येणाऱ्या मुलाचं. मी विचारलं, सगळ्यांना मान्य? कुणी नाही म्हणालं नाही. ठाकरवाडीतले दोघे आणि तो कातकरी मुलगा जमिनीकडे बघत होते. त्यांच्या गप्प राहण्यालाच मी होकार धरून मोकळा होणार होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. पवनारच्या भगिनी वर्षानुवर्षं एकत्र राहिल्या, एकत्र चरखा चालवला, एकत्र जेवल्या. त्यांच्या गप्प राहण्याला काही अर्थ आहे. माझी पोरं गावाची उतरंड जशीच्या तशी डोक्यावर घेऊन वर्कशॉपात आली होती. सगळ्यांचा आवाज सारखा नसेल तर सर्वानुमती म्हणजे मोठ्या आवाजाचा विजय, आणि तोही देवाच्या नावानं. विनोबांविषयीची माझी श्रद्धा कमी झालेली नाही, पण या एका जागी मी त्यांच्याबरोबर नाही.

दुसऱ्या दिवशी टूल क्रिबच्या, म्हणजे अवजारांच्या खोलीच्या, दारामागे ग्रीसचे तीन रिकामे डबे ठेवले. प्रत्येकावर खडूनं एक नाव. प्रत्येक मुलाला एक वॉशर दिला. पहिला मुलगा आत गेला आणि टण् असा आवाज आला. डबा कुठल्या कोपऱ्यात आहे ते त्या आवाजावरून बाहेर सगळ्यांना कळलं. मी मतदान थांबवलं, तो वॉशर परत त्याच्या हातात दिला, डब्यांच्या तळाशी कॉटन वेस्टचा, म्हणजे यंत्रं पुसायच्या सुताच्या गुंत्याचा, जाड थर घातला, त्यांच्या जागा बदलल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता आतून काहीच ऐकू येत नव्हतं. एकेक मुलगा आत जाऊन बाहेर येत होता, आणि तो कातकरी मुलगा बाहेर आला तेव्हा पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघत होता. तळाशी कॉटन वेस्ट असलेला तो डबा माझ्या लेखी देवघराइतका पवित्र आहे. माणूस तिथे एकटा असतो आणि त्याच्यावर कुणाची सावली नसते.

अकरा, सात, तीन. अकरा वॉशर ठाकरवाडीतल्या एका मुलाला मिळाले. केळवलीला लोकल पकडण्यासाठी तो पहाटे डोंगर उतरायचा. मोटारसायकलवाल्याला सात. आणि मी नेमलेल्या गुणी मुलाला तीन.

निवडून आलेल्या मुलानं पहिल्या आठवड्यात दोन कामं केली. ब्लेडची मागणी प्राचार्यांकडे लेखी दिली आणि ब्लेड आले. दुसरं, लोकल आणि सकाळची प्रार्थना यांच्या वेळेत दहा मिनिटांचा फरक होता, त्यात रोज आठ मुलांना उशिराचा शेरा बसायचा. प्रार्थना पंधरा मिनिटं पुढे गेली. इतकी वर्षं ते शेरे मी माझ्या हातानं मारत आलो होतो.

इथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो.

मुलांनी त्याला डोक्यावर घेतलं. गुलाल उधळला, खांद्यावर नाचवलं. त्याचं व्हाइसवर उभं राहणं कमी झालं, त्याचे जॉब दुसरे करून देऊ लागले. खंडेनवमीला आम्ही वर्कशॉपातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतो. त्यासाठी त्यानं प्रत्येकी दहा रुपये वर्गणी काढली. पूजा झाली, पेढे वाटले. पंधरा दिवस गेले तरी हिशेब नाही, आणि हिशेब मागणारा एकही नाही. मी एकदोघांना बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाले, "सर, आपलाच माणूस आहे. त्याला काय विचारायचं?"

हे ऐकलं आणि डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण आठवलं. धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनी त्या दिवशी दिला. त्याच भाषणात त्यांनी बौद्ध भिक्खूसंघाचीही आठवण करून दिली. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं या देशातल्या भिक्खूंना माहीत होतं, नंतर आपण ते हरवून बसलो. मला नेहमी वाटत आलंय की ही दोन विधानं एकमेकांना जोडून वाचायला हवीत. बुद्धानं जाताना वारस नेमला नाही, माझ्यामागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असं सांगितलं. ज्या संघानं गुरूच्या जागी माणूस बसवायचं नाकारलं, त्याच संघात मतदानासाठी शलाका वाटल्या गेल्या. भक्ती आणि मत हे दोन निरनिराळे व्यवहार आहेत, हे त्यांना अडीच हजार वर्षांपूर्वी उमगलं होतं.

मी वारकऱ्याच्या घरातला. भक्तीला कमी लेखणं मला जमणार नाही. पण भक्ती म्हणजे दान. दिलं, विषय संपला, परत मागायचं नाही. मत म्हणजे दान नव्हे, आपल्या भाषेत त्याला मतदान म्हणत असले तरी. दानातली ती निरिच्छता मताला लागू केली की मत देणारा पुढे मुका होतो. मत म्हणजे उधारी. माणसाला उजेडाकडे धरून पारखता येत नाही, म्हणून आपण आधी माल देतो आणि मागून दाम घेतो. तुकोबांसारखं पोतं उघडं टाकून म्हणतो, घे मापून. पण मग दारात उभं राहून बोंब मारणाराही कुणीतरी हवा, नाहीतर ती उधारी बुडते. बुडवणारा एकटा पापी नसतो. न मागणाऱ्याचाही त्यात वाटा असतो.

आमच्या वर्कशॉपातला बोंबल्या विठोबा म्हणजे तो कातकरी मुलगा. एका दुपारी, सगळे हात धूत असताना, तो सीआरसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वर्गणीचा हिशेब फळ्यावर लिही." आवाज कापत होता. सगळे थांबले. ठाकरवाडीतल्या मुलानं खडू घेतला. जमा दोनशे दहा. नारळ, हार, अगरबत्ती, पेढे मिळून खर्च एकशे चौऱ्याहत्तर. उरले छत्तीस. ते छत्तीस कुठे गेले? सामान आणायला गेलेल्या चौघांनी वडापाव आणि चहा घेतला होता. चोरी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. पण फळ्यावर तो आकडा लिहिताना त्या मुलाचे कान लाल झाले. दोन महिन्यांत थोडे थोडे करून त्यानं छत्तीस रुपये परत केले.

सहा महिन्यांनी पुन्हा वॉशर वाटले. या वेळी दोनच डबे. ठाकरवाडीतला मुलगा नऊ विरुद्ध बारानं हरला. निवडून आला तो मी आधी नेमलेला, पहिल्या मतदानात तीन वॉशर मिळालेला गुणी मुलगा. दुसऱ्याच दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही डेमो देताना उजवीकडे वळून उभे राहता. डाव्या बाजूच्या मुलांना तुमचा हात दिसत नाही. मुलांनी सांगायला सांगितलंय." मुलगा तोच, अदब तीच. आधी तो मला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिला होता. आता मला वाईट वाटलंच, आणि तो शांत उभा राहिला. त्याचं पद आता माझ्याकडून आलेलं नव्हतं. मी उभं राहायची जागा बदलली.

आणि ठाकरवाडीतला मुलगा? तो चार नंबरच्या व्हाइसवर परत आला आणि कानस घेऊन उभा राहिला. पहिले दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जॉब गुण्याला लावून उजेडाकडे धरताना मी त्याला पाहिलं.

आमच्या गावच्या सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. मध्यरात्री, दोन माणसं आणि एक समई एवढंच मंडपात असतानाही हे चुकत नाही. वीणा गळ्यात असेपर्यंत तो विणेकरी, सगळे त्याला नमस्कार करतात. उतरली की तोच टाळ घेऊन रांगेत उभा राहतो. त्याला कुणी माजी विणेकरी म्हणत नाही. चार नंबरच्या व्हाइसवर परत आलेल्या त्या मुलाला बघताना मला वीणाच आठवली. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या शिलालेखात, दहाव्या शतकात, हेच नियम दगडावर कोरलेत: एकदा गावच्या समितीवर बसलेल्याला पुढची तीन वर्षं पुन्हा बसता येणार नाही, आणि ज्यानं हिशेब दिला नाही तो अपात्र, त्याचे नातेवाईकही अपात्र. सहा महिन्यांचा माझा हिशेब त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही.

मुलांनी आपले पदाधिकारी निवडणं दुसरीकडेही चालतं. माझ्या पुतण्याची मुलगी अमेरिकेत शाळेत शेती हा विषय घेऊन शिकते. तिनं निळ्या कॉर्डरॉयच्या जॅकेटातला फोटो पाठवला. फ्युचर फार्मर्स ऑफ अमेरिका या नावानं १९२८ साली सुरू झालेल्या विद्यार्थी संघटनेची ती तिच्या शाळेतली निवडून आलेली सचिव. सभेत उपाध्यक्ष नांगराजवळ बसतो, सचिव मक्याच्या कणसाजवळ, एकजण दाराशी, आणि शिक्षक घुबडाच्या चित्राजवळ. अध्यक्षाची खुर्ची विद्यार्थ्याची, शिक्षक बाजूला, हे मला आवडलं. पण तिथेही ही उधारी सगळ्यांना खुली नव्हती. काळ्या मुलांची संघटना वेगळी होती, ती १९६५ साली यात सामील झाली, आणि मुलींना सभासदत्व मिळालं ते १९६९ साली. मुलांनी आपले कारभारी निवडण्याचा विचार आपल्याकडेही परका नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर सेवाग्रामला नई तालीमची जी शाळा निघाली, तिथे मुलं आपले मंत्री निवडत, सफाईचा, स्वयंपाकाचा, आणि ते मंत्री आमसभेपुढे आपल्या कामाचा अहवाल ठेवत.

आयटीआयच्या मुलांकडे यातलं काय आलं? २००७-०८ साली देशातल्या १,३९६ सरकारी आयटीआयसाठी खासगी भागीदारीची योजना आली, त्यात व्यवस्थापन समितीवर विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी बसवायची सोय केली. प्रतिनिधी आला, पण तो नेमलेला. २०१६च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकांची तरतूद पुन्हा आणली, पण आयटीआय त्या कायद्यात येत नाही. आपल्या राज्यात आयटीआयच्या पात्र मुलांचं विद्यावेतन कित्येक दशकं महिना ४० रुपये होतं. ते ५०० करायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला २०२३ साली. मधल्या काळात त्या ४० रुपयांवर सह्या घेणाऱ्यांत मीही होतो. एवढी वर्षं या मुलांच्या वतीनं दारात उभं राहून बोंब मारायला कुणी निवडून आलेला असता, तर हा आकडा इतका काळ तसाच राहिला असता, असं मला वाटत नाही.

मी निवृत्त झालो. आज वर्कशॉपात असलेल्या निदेशकांना माझी विनंती आहे. प्रवेश संपले की पहिल्या महिन्यातच मतदान घ्या. त्याला परिपत्रक लागत नाही, डबे आणि वॉशर पुरतात. डब्याच्या तळाशी कॉटन वेस्ट घालायला विसरू नका. आणि पहिला वॉशर पडायच्या आधी हिशेबाची तारीख फळ्यावर लिहून ठेवा.